शून्य पाऊस की नोंदच नाही? प्रोग्रामिंगच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या छोट्या हत्यारांविषयी

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात मांजरा, सिंदफणा, सीना या नद्या फुगल्या आणि उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं. त्यानंतर गावोगाव काही शब्द सारखे कानावर येऊ लागले : मंडळ, ६५ मिलिमीटर, पंचनामा, यादी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी धरली जाते. म्हणजे पर्जन्यमापकातला एक आकडा अनेक गावांच्या नुकसानीचा हिशेब ठरवू शकतो. हा आकडा आज वहीत राहत नाही, तो कॉम्प्युटरमध्ये जातो. तिथे त्याची बेरीज होते, सरासरी निघते, तारखा जुळवल्या जातात, नावं शोधली जातात.

अशा वेळी सामान्य माणसाला एक प्रश्न पडतो आणि तो अगदी रास्त आहे : गणित तर मशीन करतंय, मग चूक होते कुठे? मशीन गणितात क्वचितच चुकतं. चुकतात ते प्रोग्राम लिहिताना घेतलेले बारीक निर्णय. रिकाम्या जागेला काय समजायचं, अर्धा पैसा वर ढकलायचा की खाली, मध्यरात्र कुठली धरायची. हे निर्णय जगभरच्या प्रोग्रामरना रोज घ्यावे लागतात. म्हणून जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषा त्यांच्यासाठी काही तयार हत्यारं सोबत देते. लातूर, नांदेड, परभणीत इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक करणाऱ्या मुलांना ही हत्यारं शिकवली जातात ती मात्र शेवटच्या युनिटमध्ये, घाईघाईत. आधी आली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. खालची उदाहरणं समजावण्यासाठी रचलेली आहेत, कुठल्या सरकारी प्रणालीत आत काय चालतं त्याबद्दलचं ते विधान नाही.

स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे काय?

प्रोग्रामिंग भाषेचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे तिचं व्याकरण : अट कशी लिहायची, तेच काम पुन्हा पुन्हा कसं करवून घ्यायचं. दुसरा म्हणजे त्या व्याकरणात आधीच कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेले कामाचे तुकडे. भाषा इन्स्टॉल केली की हे तुकडे सोबत येतात, वेगळं काही आणावं लागत नाही. या साठ्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात.

मोंढ्यात काट्यावरची वजनं कुठलाही अडत्या आपल्या मनाने घडवत नाही. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली वजनं तो वापरतो, म्हणून उदगीरचा किलो आणि जालन्याचा किलो एकच असतो. एकेकाळी पायली आणि शेर गावागणिक बदलत, १९५६ च्या कायद्याने देशभर मेट्रिक मापं आणली. स्टँडर्ड लायब्ररीचं काम तेच आहे. तारीख, जोडी, अदलाबदल, दशांश अशा नेहमीच्या गोष्टींना ती एकच तपासलेलं माप देते. त्यामुळे एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला वाचता येतो आणि दोघांचं उत्तर एक येतं.

या साठ्यात मोठ्या गोष्टीही असतात, उदाहरणार्थ इंटरनेटशी बोलणं किंवा फाइल दाबून लहान करणं. मी इथे सांगणार आहे ते त्यातल्या सगळ्यात लहान तुकड्यांबद्दल. सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत तर ‘युटिलिटी’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे, त्यात दोन-चार ओळींत मावतील अशी कामं ठेवली आहेत. इतक्या लहान कामांना लायब्ररी कशाला हवी? ती लहान दिसतात म्हणूनच लोक ती बेफिकीरपणे स्वतः लिहितात, आणि नेमकी तिथेच गडबड होते.

रिकामी चौकट आणि शून्य

चार मंडळं धरा. पहिल्यात ७० मिलिमीटर पाऊस, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्याची नोंद आलीच नाही, चौथ्यात ५०. सरासरी किती?

रिकाम्या जागेला शून्य धरलं तर १२० भागिले चार, म्हणजे ३०. ती जागा सोडून दिली तर १२० भागिले तीन, म्हणजे ४०. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे ‘नोंद नाही’ यासाठी कुणी उणे ९९ लिहून ठेवलं असेल आणि पुढच्या माणसाला ते ठाऊक नसेल, तर सरासरी सव्वापाच येते. आकडे तेच, उत्तरं तीन. यातली दोन उत्तरं कुणाला कळण्याआधी अहवालात जाऊन बसतात, कारण प्रोग्राम कुठेही अडखळत नाही.

‘पाऊस पडला नाही’ हे निरीक्षण आहे. कुणीतरी मापक पाहिलं आणि त्यात पाणी नव्हतं. ‘नोंद नाही’ म्हणजे निरीक्षणच झालेलं नाही. मापक बिघडलं असेल, संदेश पोचला नसेल. कोरडवाहू भागात या दोन्हींतलं अंतर फार मोठं आहे. सलग २१ दिवस शून्य पाऊस म्हणजे पावसाचा खंड. सलग २१ दिवस नोंद नाही म्हणजे आपल्याला काहीच माहीत नाही.

यासाठीच ‘ऑप्शनल’ नावाचं हत्यार आहे. जावा या भाषेत ते २०१४ साली आलं, सी प्लस प्लसमध्ये २०१७ साली. ऑप्शनल म्हणजे अशी चौकट, जिच्यात एक तर मूल्य असतं किंवा काहीच नसतं, आणि ‘काहीच नाही’ ही अवस्था शून्यापासून वेगळी राहते. चौकटीतला आकडा वापरायचा तर आधी ती भरलेली आहे का ते विचारायचं असतं. भरलेली नसेल तर काय धरायचं हेही लिहिता येतं : ‘मूल्य असेल तर ते, नसेल तर शून्य’. हे एक वाक्य प्रोग्राममध्ये दिसतं, वाचणाऱ्याला त्यावर बोट ठेवता येतं. ‘इथे शून्य का धरलं?’ असं कुणी विचारू शकतं. निर्णय उघड होतो हा या हत्याराचा खरा उपयोग.

सी प्लस प्लसची २०२३ ची आवृत्ती आणखी एक पाऊल पुढे गेली. तिच्यात ‘एक्स्पेक्टेड’ आलं. ऑप्शनलमध्ये ‘नाही’ एवढंच कळतं, इथे ‘का नाही’ हेही सोबत ठेवता येतं. मापक नादुरुस्त, संदेश आला नाही, आकडा वाचता आला नाही, अशी कारणं चौकटीतच राहतात. पावसाच्या नोंदींसाठी मला हे ऑप्शनलहून जास्त उपयोगाचं वाटतं.

सगळ्या भाषा इतक्या दक्ष नाहीत. पायथनमध्ये रिकाम्या मजकुराचा आकडा करायला सांगितलं की ती थेट चूक दाखवते आणि थांबते. जावास्क्रिप्टमध्ये तेच केलं तर शून्य मिळतं, बिनतक्रार. फॉर्म भरून घेणारी बहुतेक पानं जावास्क्रिप्टवर चालतात हे लक्षात घ्या.

उणे आकड्यांची आणखी एक गंमत नसलेली गोष्ट इथेच सांगतो. सी प्लस प्लसमध्ये काही आकडे ‘फक्त धन’ प्रकारचे असतात. असा आकडा आणि उणे एक यांची तुलना केली तर मशीन उणे एकला आधी धन करून घेतं आणि तो होतो ४२९ कोटींहून मोठा. म्हणजे ‘उणे एक हा एकपेक्षा लहान आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येतं. नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) आज कालच्यापेक्षा पाणी कमी झालं आणि फरक काढायला ‘फक्त धन’ आकडे वापरले, तर आवक अफाट दिसेल. हा दोष भाषेच्या जन्मापासूनचा आहे. २०२० साली युटिलिटी विभागात तुलनेची अशी कामं आली जी चिन्हाचा मान राखून बरोबर उत्तर देतात. नुसतं ‘यापेक्षा लहान आहे का’ हे विचारायला स्वतंत्र हत्यार लागलं, यावरूनच विषयाची खोली कळावी.

जोडी आणि अदलाबदल

‘पेअर’ म्हणजे दोन मूल्यं एकत्र बांधलेली जोडी : मंडळाचं नाव आणि त्याचा पाऊस. वेगवेगळ्या दोन याद्या ठेवल्या आणि त्यातली एकच क्रमाने लावली तर औशाचा पाऊस निलंग्याच्या नावावर जातो. जोडी बांधली की ते होत नाही. जोड्यांची तुलना कशी करायची हेही ठरलेलं आहे : आधी पहिलं मूल्य, ते सारखं निघालं तरच दुसरं. पाऊस आधी आणि नाव नंतर अशी जोडी केली तर पावसाच्या चढत्या क्रमाने यादी मिळते आणि सारख्या पावसाची मंडळं आपोआप नावाने लागतात.

जोडीचा एक तोटा मात्र आहे. तिच्यातल्या मूल्यांना ‘पहिलं’ आणि ‘दुसरं’ एवढीच नावं असतात. सहा महिन्यांनी तो प्रोग्राम वाचणाऱ्याला पहिलं म्हणजे पाऊस की मंडळ हे शोधत बसावं लागतं. दोन-तीन ओळींपुरती जोडी चांगली, कायम ठेवायच्या नोंदीला स्वतःची नावं असलेला प्रकार करावा.

आता अदलाबदल, म्हणजे ‘स्वॅप’. कॅम्पस मुलाखतीला बसलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न माहीत आहे : तिसरं व्हेरिएबल (आकडा ठेवायची नाव दिलेली जागा) न वापरता दोन आकड्यांची अदलाबदल करा. पाठ केलेलं उत्तर असतं बेरीज-वजाबाकीचं. दोन्हींची बेरीज पहिल्यात, त्यातून दुसरा वजा करून दुसऱ्यात, पुन्हा वजा करून पहिल्यात. उत्तर हुशारीचं वाटतं, पण त्यात दोन खड्डे आहेत. आकडे मोठे असतील तर बेरीज मशीनच्या मर्यादेबाहेर जाते (नेहमीच्या पूर्णांकासाठी ही मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे) आणि सी प्लस प्लसमध्ये त्यानंतर काय होईल याची भाषा हमीच देत नाही. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. दोन्ही नावं चुकून एकाच जागेची असतील, म्हणजे यादीतल्या पाचव्या नोंदीची पाचव्याशीच अदलाबदल होत असेल, तर वजाबाकीत ती नोंद शून्य होऊन जाते. क्रम लावणाऱ्या प्रोग्राममध्ये असा प्रसंग हमखास येतो.

लायब्ररीतल्या स्वॅपला हे दोन्ही खड्डे नाहीत. शिवाय लाखभर नोंदींच्या दोन याद्या बदलायच्या असतील तर तो नोंदी उचलून हलवत बसत नाही, कुठली यादी कुठे ठेवली आहे ते पत्ते तेवढे बदलतो. मुलाखत घेणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा, पण पुढे ‘तुमचं हे उत्तर कधी चुकेल?’ हेही विचारावं. मुलाची समज तिथे दिसते.

पैशाचा हिशेब दशांशात का करायचा

कॉम्प्युटर आकडे शून्य आणि एकच्या भाषेत ठेवतो. आपल्या लिपीत एक भागिले तीन कधीच पुरतं लिहिता येत नाही, ०.३३३ असं चालूच राहतं. तसंच त्याच्या लिपीत ०.१ पुरता लिहिता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी देतो. फरक नगण्य आहे, पण ‘बेरीज ०.३ आहे का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, आणि ताळा जुळवणाऱ्या प्रोग्रामला हे पुरेसं असतं.

पैसे पूर्ण करताना आणखी धक्का बसतो. पायथनमध्ये २.५ ला जवळच्या पूर्णांकात आणायला सांगितलं तर २ मिळतं, ३.५ चे ४ होतात. अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेण्याचा हा नियम आहे. हजारो आकड्यांच्या बेरजेत कल एका बाजूला झुकू नये म्हणून तो मुद्दाम केला आहे. आणि २.६७५ चे दोन दशांश केले तर २.६८ ऐवजी २.६७ येतात, कारण आत ठेवलेला आकडा २.६७५ पेक्षा किंचित लहान असतो. शाळेत आपण शिकलो ते ‘पाच किंवा जास्त असेल तर वर’.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. १२ क्विंटल ३५ किलोचे ६५,८०० रुपये ८० पैसे झाले. एका पट्टीत हा प्रश्न जाणवत नाही. हंगामभराच्या हजारो पट्ट्या, प्रत्येकीत हमाली-तोलाईची कपात, आणि शेवटी दोन रजिस्टरांचा ताळा, तिथे तो उभा राहतो. पायथनमध्ये २००४ पासून ‘डेसिमल’ हा विभाग आहे. तो आकडे आपल्यासारखेच दशांशात ठेवतो आणि अर्धा पैसा वर न्यायचा की खाली हे आपल्याला ठरवू देतो. फक्त त्याला आकडा मजकूर म्हणून द्यावा. साधा ०.१ दिला तर आधीच बिघडलेला आकडा आत जातो. जावामध्ये ‘बिगडेसिमल’ आहे. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत असा प्रकार नाही, तिथे रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात ठेवण्याची रीत आहे.

तारीख, तास आणि साडेआठ

२० जूनला पेरलं आणि ५ ऑक्टोबरला काढलं, तर मध्ये किती दिवस? बोटांवर महिन्यांचे ३० आणि ३१ मोजत बसण्यापेक्षा लायब्ररीत एक तारीख दुसरीतून वजा करावी, १०७ मिळतात. लीप वर्षाचा नियमही तिला पक्का माहीत असतो. चारने भाग जातो म्हणून २१०० हे लीप वर्ष, असं समजणारे घरगुती प्रोग्राम कमी नाहीत. ते लीप वर्ष नाही.

तासांचा प्रश्न जास्त टोचतो. पीकविम्यात स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांत कळवण्याचा नियम शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. सोमवारी रात्री ११ वाजता गारपीट झाली तर मुदत गुरुवारी रात्री ११ ला संपते. प्रोग्रामने तास न मोजता सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन तारखा मोजल्या तर शेतकऱ्याचा जवळजवळ एक दिवस जातो.

त्यात सर्व्हर बहुधा ग्रीनिचच्या जागतिक वेळेवर चालतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे १ सप्टेंबरची पहाटे दोनची नोंद तिथे ३१ ऑगस्ट, रात्री साडेआठ अशी दिसते. महिन्याची बेरीज त्या वेळेवर केली तर सप्टेंबरचा पाऊस ऑगस्टमध्ये मोजला जातो. पायथनमध्ये २०२० पासून आलेला ‘झोनइन्फो’ हा विभाग जगातल्या सगळ्या प्रदेशांच्या वेळांचे नियम वापरून हे रूपांतर करतो.

पण लायब्ररी इथवरच नेते. भारतात हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात. ७ तारखेचा पाऊस म्हणजे ६ च्या सकाळी साडेआठपासून ७ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. हे कुठल्याही स्टँडर्ड लायब्ररीला ठाऊक नाही आणि ठाऊक असायचं कारणही नाही. ६५ मिलिमीटरची रेषा ओलांडली की नाही हे रात्री पडलेल्या पावसाच्या बाबतीत या साडेआठवर ठरू शकतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते शेतीखात्यातल्या किंवा वेधशाळेतल्या माणसाला विचारून घ्यायचं असतं.

‘ऱ’ नावाचा प्रश्न

मराठी मजकुराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इंग्रजीतून शिकवणाऱ्या धड्यांत हे येत नाही.

‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ’ कॉम्प्युटरमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. एक, युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) त्याला दिलेला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक वापरून. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. तीन, ‘र’, हलन्त आणि जोडणारं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मशीनसाठी ते तीन वेगळे मजकूर आहेत. एका यादीत ‘पऱ्हाड’ हे आडनाव पहिल्या पद्धतीने आणि बँकेच्या यादीत तिसऱ्या पद्धतीने टाइप झालं असेल, तर दोन्ही याद्या जुळवताना उत्तर येईल : नाव सापडत नाही. समोर बसलेला कर्मचारी दोन्ही पडद्यांवर तेच नाव वाचतोय आणि मशीन नाही म्हणतंय. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही.

पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘युनिकोडडेटा’ विभाग आहे आणि त्यात मजकूर एकरूप करणारं काम आहे. ते चालवलं की पहिली आणि दुसरी पद्धत एक होतात. तिसरी होत नाही. अदृश्य चिन्ह असलेला तो क्रम आपल्याला वेगळा शोधून बदलावा लागतो. एका ओळीचं काम आहे, पण माहीत असेल त्यालाच ते सुचेल.

क्रम लावण्याचंही तसंच. लायब्ररीतलं साधं ‘सॉर्ट’ अक्षरं त्यांच्या युनिकोड क्रमांकाने लावतं. तिथे ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर. त्यामुळे ‘काळे’ हे आडनाव ‘काशिद’ च्या आधी लागतं, मराठी क्रमाप्रमाणे ते नंतर हवं. मतदार यादीसारख्या छापील यादीत नाव शोधणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये भाषेनुसार क्रम लावण्याची सोय स्टँडर्ड साठ्यातच आहे, पायथनला ती बाहेरून घ्यावी लागते किंवा ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून राहावं लागतं.

आणि काही गोष्टी कुठल्याच लायब्ररीच्या हातातल्या नाहीत. २०२३ पासून औरंगाबाद हे छत्रपती संभाजीनगर आहे आणि उस्मानाबाद धाराशिव. दहा वर्षांच्या पावसाचा तक्ता केला तर मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांचे दहा होतात. जुनं नाव आणि नवं नाव यांची कोशासारखी यादी आपल्यालाच करावी लागते. लायब्ररी ती ठेवायला ‘डिक्शनरी’ देते, आतली माहिती आपली.

मग हे सगळं स्वतः का लिहू नये? परीक्षेत तर तेच विचारतात

परीक्षेत बबल सॉर्ट (शेजारशेजारच्या नोंदींची तुलना करत क्रम लावण्याची पद्धत) लिहायला सांगतात ते योग्यच आहे. आत काय चालतं हे एकदा हाताने केल्याशिवाय कळत नाही. पण कामावर ते वापरायचं नसतं. एक लाख नोंदी बबल सॉर्टने लावायला सुमारे ५०० कोटी तुलना लागू शकतात, लायब्ररीतल्या सॉर्टला ढोबळमानाने १७ लाख. ‘स्वतःचा कोड जास्त वेगवान’ हा समज बहुतेक वेळा मोजून पाहिल्यावर टिकत नाही.

अचूकतेचं तर विचारूच नका. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहून अर्धी यादी सोडत जायची, याला बायनरी सर्च म्हणतात. दुसऱ्या वर्षाला शिकवतात. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं की जावाच्या लायब्ररीतच त्यांनी लिहिलेल्या या शोधात सुमारे नऊ वर्षं एक दोष लपून होता. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून दोनने भागायचं, आणि यादी प्रचंड असेल तर ती बेरीज मर्यादेबाहेर जायची. वर अदलाबदलीत पाहिला तोच खड्डा. पुढे सी प्लस प्लसने २०२० च्या आवृत्तीत ‘मिडपॉइंट’ नावाचं हत्यार दिलं, दोन आकड्यांचा मध्य न चुकता काढणारं.

म्हणजे लायब्ररीतही चुका असतातच की!

असतात. जावाची पहिली तारीख-व्यवस्था वर्षं १९०० पासून आणि महिने शून्यापासून मोजायची. २०१४ मध्ये तिच्या जागी नवी, विचारपूर्वक केलेली व्यवस्था आली. जावास्क्रिप्टच्या जुन्या तारखेत जानेवारी अजूनही शून्यावा महिना आहे. सी प्लस प्लसमधलं मेमरी आपोआप मोकळी करणारं ‘ऑटो पॉइंटर’ हे हत्यार धोक्याचं ठरलं, २०११ मध्ये ते टाळण्याची सूचना आली आणि २०१७ मध्ये ते काढून टाकलं. पायथनने २०२४ च्या ३.१३ आवृत्तीतून १९ जुने विभाग वगळले.

फरक असा की लायब्ररीतली चूक सापडली की ती एका जागी दुरुस्त होते आणि सगळ्यांना मिळते. माझ्या प्रोग्राममधला तोच दोष माझ्याकडेच राहतो. म्हणूनच भाषेची आवृत्ती अद्ययावत ठेवणं आणि ‘हे आता वापरू नका’ असा इशारा दिसला तर तो वाचणं हा कामाचाच भाग आहे.

इंटरनेटवर इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजं आहेत, ती घेतली तर?

मोठ्या कामाला जरूर घ्यावीत. लहान कामाला घेताना २०१६ आठवावं. मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरून तो ठरावीक लांबीचा करायचा, एवढंच करणारं ‘लेफ्ट पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज जावास्क्रिप्टच्या जगात होतं. मार्चमध्ये एका वादातून त्याच्या लेखकाने ते काढून घेतलं आणि त्यावर थेट किंवा अप्रत्यक्ष टेकलेले असंख्य प्रकल्प काही काळ बांधताच येईनात. पुढच्या वर्षी हे काम जावास्क्रिप्टच्या स्टँडर्ड साठ्यातच आलं. स्टँडर्ड लायब्ररीतला तुकडा असा कुणा एकाच्या मनावर रातोरात नाहीसा होत नाही. काढायचा असला तरी आधी सूचना येते आणि मध्ये वर्षं जातात.

आता एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. एआयला ‘पावसाची सरासरी काढ’ म्हटलं तर तो प्रोग्राम देईल आणि तो चालेलही. रिकाम्या चौकटीला त्याने काय धरलं, हे मात्र तुम्ही विचारलं तरच कळेल. आणि विचारण्यासाठी शून्य आणि रिकामं यांतला फरक तुमच्या डोक्यात आधी असावा लागतो. साडेआठचा नियम, अर्ध्या पैशाचा नियम, ‘ऱ’ च्या तीन तऱ्हा यांचंही तसंच. कोड लिहिण्याचे कष्ट कमी झाले, तपासण्याची जबाबदारी वाढली. ज्याला लायब्ररीतली हत्यारं माहीत आहेत तो एआयचा चाळीस ओळींचा कोड पाहून म्हणू शकतो, ‘हे काम दोन ओळींत होतं आणि तुझं तिसऱ्या ओळीत चुकलंय.’

कुठून सुरुवात करावी

लायब्ररी पाठ करायची नसते, तिच्यात काय काय आहे याची अनुक्रमणिका डोक्यात असली की पुरे. आपल्या तालुक्याची पावसाची एक फाइल घ्या, शक्यतो अशी जिच्यात काही नोंदी गहाळ आहेत. ती पायथनच्या ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलींच्या) विभागाने वाचा, हाताने स्वल्पविराम तोडू नका, कारण नावातच स्वल्पविराम असेल तर रकाने सरकतात. रिकाम्या नोंदींना शून्य न करता रिकाम्याच ठेवा. त्या किती आहेत ते सरासरीच्या शेजारी छापा. तारखांची वजाबाकी करून सर्वांत मोठा खंड शोधा आणि त्या खंडात किती नोंदी गहाळ होत्या तेही लिहा. मंडळांची नावं एकरूप करून मगच जुळवा. शेवटी ‘काउंटर’ हे मोजणीचं हत्यार वापरून प्रत्येक मंडळात ६५ मिलिमीटर कितीदा ओलांडले ते मोजा, आणि ती संख्या मूळ वहीशी ताडून पाहा.